प्रोग्राम काउंटरमध्ये आत्ता काय आहे?

मॅडम, सप्रेम नमस्कार. माझं गाव लातूर जिल्ह्यात. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग मेकॅनिकलचा डिप्लोमा. नोकऱ्या कॉम्प्युटरलाच आहेत असं सगळे म्हणाले, म्हणून ब्रँच बदलून थेट दुसऱ्या वर्षाला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. सी प्रोग्रामिंग जमायला लागलंय, पण कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन डोक्यावरून जातंय. लोकल ऑथरचं पुस्तक दोनदा पाठ केलं, तरी इनसेमला (सत्राच्या मधल्या परीक्षेला) ३० पैकी ७. सीपीयूच्या आकृतीतले बाण आज पाठ केले की उद्या उलटे काढतो. गेल्या आठवड्यात प्रॅक्टिकलला सरांनी विचारलं, ‘प्रोग्राम काउंटरमध्ये काय असतं?’ मी पुस्तकातली व्याख्या इंग्रजीत, न अडखळता सांगितली. सर ८०८५ प्रोसेसरच्या किटकडे बोट करून म्हणाले, ‘आत्ता काय आहे ते सांग.’ मी गप्प. सगळी बॅच बघत होती. रूमवरची मुलं म्हणतात, पासिंगपुरतं कर आणि वेळ डीएसएला (डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम्सला) दे, हा विषय प्लेसमेंटला कुणी विचारत नाही. एंडसेमला दीड महिना आहे. केटी लागली, विषय राहिला, तर घरी काय सांगू कळत नाही. हा विषय खरंच लागतो का? लागत असेल तर शिकू कसा?
– दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी

तुझं पत्र वाचताना सरांच्या प्रश्नातल्या ‘आत्ता’ या शब्दाखाली मी रेघ मारून ठेवली. बॅचसमोर गप्प उभं राहावं लागलं याचं तुला वाईट वाटलं असणार. पण गेली कित्येक वर्षं हा विषय शिकवून मी सांगते, त्याहून चांगला प्रश्न या विषयात नाही. त्या एका प्रश्नाचं उत्तर देता यायला लागलं की विषय निम्मा झाला. म्हणून आधी तेच करू. तो लागतो की नाही हे मग बघू.

तू डिप्लोमाला फोर-स्ट्रोक इंजिन शिकलास. सक्शन, कॉम्प्रेशन, पॉवर, एक्झॉस्ट हा क्रम पहिल्या दिवशी पाठ केला असशील. पण वर्कशॉपमध्ये हेड उघडलं, क्रँक हाताने फिरवला, पिस्टन वर आला, कॅमने टॅपेट उचललं आणि व्हॉल्व्ह उघडला, हे डोळ्यांनी पाहिल्यावर पाठांतराची गरज उरली का? आज कुणी तुला क्रँक एका अंशावर धरून विचारलं, ‘आत्ता इनलेट उघडा की बंद?’, तर तू इंजिनाकडे बघून सांगशील. व्याख्या आठवत बसणार नाहीस. प्रोसेसरचं हेड तू अजून उघडलेलं नाहीस, एवढंच झालंय. ते उघडायला पाना लागत नाही, एक वही आणि पेन्सिल पुरते.

वहीत हा प्रोग्राम उतरव. सगळे आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळा अंकांच्या पद्धतीत (० ते ९, मग ए ते एफ) आहेत. तुमच्या किटवर रॅम दुसऱ्या पत्त्यापासून सुरू होत असेल तर तो पत्ता घे.

२००० : ३ई
२००१ : ०५
२००२ : ०६
२००३ : ०३
२००४ : ८०
२००५ : ३२
२००६ : ५०
२००७ : २०
२००८ : ७६

नऊ बाइट, बस्स. ए आणि बी ही प्रोसेसरमधली दोन रजिस्टर, म्हणजे एकेक बाइट ठेवायच्या जागा. ३ई म्हणजे ‘पुढचा बाइट ए मध्ये ठेव’, ०६ म्हणजे ‘पुढचा बाइट बी मध्ये ठेव’, ८० म्हणजे ‘ए मध्ये बी मिळव’, ३२ म्हणजे ‘ए मधलं पुढच्या दोन बाइटांत दिलेल्या पत्त्यावर ठेव’, आणि ७६ म्हणजे ‘थांब’. पाच आणि तीन मिळवून उत्तर २०५० या पत्त्यावर ठेवायचं आहे. पत्ता मेमरीत लिहिताना आधी ५० आणि मग २०, म्हणजे खालचा बाइट आधी. ८०८५ ची ती रीत आहे.

आता चार रकाने आख: पीसी (प्रोग्राम काउंटर), ए, बी आणि ‘बसवर काय’. बस म्हणजे प्रोसेसर आणि मेमरी यांना जोडणाऱ्या तारा. पीसीच्या रकान्यात २००० लिही. ए आणि बी मध्ये प्रश्नचिन्ह टाक, शून्य टाकू नकोस. चालू झाल्याबरोबर रजिस्टर रिकामी असतात असं मुलं गृहीत धरतात, आणि इथेच पहिली चूक होते. रजिस्टर रिकामं कधीच नसतं. काही ना काही बिट त्यात असतातच, फक्त ते आपल्या उपयोगाचे नसतात.

पहिली ओळ चालवायची. पीसीने २००० हा पत्ता अ‍ॅड्रेस बसवर ठेवला. मेमरीने ३ई हा बाइट डेटा बसवर ठेवला. तो इन्स्ट्रक्शन रजिस्टरमध्ये गेला. आणि इथे पेन्सिल थांबव: पीसी आता किती? २००१. हुकूम अजून पाळला गेलेला नाही, तो काय आहे हेही अजून डिकोड झालेलं नाही, पण पीसी एक घर पुढे सरकलेला आहे. मग ०५ आणायला तोच २००१ पत्ता कामाला येतो, ०५ ए मध्ये जातो, आणि पीसी २००२ होतो. दुसरी सूचना संपते तेव्हा पीसी २००४, बी मध्ये ०३. मग ८० आणला जातो, तोवर पीसी २००५. बेरीज अजून झालेली नसते, ए मध्ये अजून ०५ च असतात, पण पीसीने पुढचं दार गाठलेलं असतं. तुझ्या पुस्तकातली व्याख्या हेच सांगते: पुढच्या सूचनेचा पत्ता. तू ती व्याख्या पाठ म्हणून दाखवलीस, पण तिच्यातला ‘पुढच्या’ हा शब्द तुझ्या हातून कधी गेलाच नव्हता. पेन्सिलीने २००५ लिहिल्यावर तो जाईल.

आता सरांच्या प्रश्नाचं उत्तर. तुझा प्रोग्राम चालून थांबलेला असेल, तर ७६ आणून झाल्यावर पीसी २००९ वर आहे. आणि प्रोग्राम चालवलाच नसेल, किट नुसतं चालू करून ठेवलं असेल, तर? तेव्हाही ८०८५ मोकळा बसलेला नसतो. किटच्या रॉममध्ये मॉनिटर प्रोग्राम असतो. तू की दाबतोस ती ओळखणं, डिस्प्लेवर आकडे दाखवणं ही कामं तोच करतो. ८०८५ रीसेट झाला की पीसी ०००० होतो आणि तिथून हा मॉनिटर सुरू होतो. म्हणजे सरांनी बोट दाखवलं त्या क्षणी पीसी बहुधा रॉममधल्या एखाद्या पत्त्यावर होता, तू कधी की दाबतोस याची वाट बघत. अचूक पत्ता तुला सांगता आला नसता, सरांनाही नाही. पण ‘सर, आत्ता मॉनिटर चालू आहे, त्यामुळे रॉममधला कुठला तरी पत्ता असेल’ एवढं म्हणाला असतास तर सर खुर्ची ओढून तुझ्याशी बोलत बसले असते.

मी नवीन शिकवायला लागले तेव्हा एका तासाला फळ्यावरची आकृती पुसून टाकली आणि मुलांनाच रजिस्टर केलं. एक मुलगी पीसी, एक मुलगा ए, एक बी, दोघं मिळून बेरीज-वजाबाकी करणारं एएलयू, आणि मागच्या बाकावरची नऊ मुलं मेमरी, प्रत्येकाच्या हातात एकेक चिठ्ठी. पीसी झालेली मुलगी घाबरून गेली आणि ८० आल्यावर आपला आकडा वाढवायला विसरली. मेमरीने पुन्हा ८० दिला, एएलयूने पुन्हा बेरीज केली. ए मध्ये ०८ झाले, मग ०बी, मग ०ई. तिसऱ्या वेळी ती मुलगी स्वतःच ओरडली, ‘मॅडम, मी पुढे गेलेच नाही!’ त्या वर्गात पीसीची व्याख्या मला पुन्हा सांगावी लागली नाही. तुमच्या रूमवर चौघं असाल. जेवण झाल्यावर वीस मिनिटं हेच करा. पत्ते खेळायला बसता तसे गोल बसा.

आकृतीतल्या बाणांचंही हेच. बाण म्हणजे वाट. पाठ करायची असते ती वाट नव्हे, त्या वाटेने कोण, केव्हा, का गेलं ते समजून घ्यायचं असतं. तू डिप्लोमाला व्हॉल्व्ह टायमिंग डायग्राम काढलीस. इनलेट व्हॉल्व्ह पिस्टन टीडीसीला, म्हणजे सगळ्यात वरच्या जागी, पोचायच्या थोडा आधीच उघडतो, कारण व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला आणि वायू आत यायला वेळ लागतो. आता ८०८५ ची टायमिंग डायग्राम घे. पहिल्या टी-स्टेटला, म्हणजे घड्याळाच्या पहिल्या ठोक्याला, पत्ता बसवर जातो. पत्त्याचे खालचे आठ बिट आणि डेटा एकाच आठ तारांवरून जातात, म्हणून एएलई हा सिग्नल वर जाऊन खाली येतो आणि बाहेरचं लॅच ते आठ बिट धरून ठेवतं. दुसऱ्या टी-स्टेटला आरडी (रीड) हा सिग्नल खाली जातो, मेमरीला ‘दे’ असं सांगितलं जातं. तिसऱ्याला डेटा उचलला जातो. चौथ्याला डिकोड. मेमरीला उत्तर द्यायला वेळ लागतो म्हणून मागणी आधी आणि उचल नंतर. कॅमशाफ्ट जसा योग्य वेळी योग्य व्हॉल्व्ह उघडतो, तसं कंट्रोल युनिट योग्य टी-स्टेटला योग्य दार उघडतं. वर्गातल्या बारावी करून आलेल्या मुलांना ही आकृती वेड्यावाकड्या रेघांसारखी दिसते. तू तर तिची बहीण आधीच काढून आला आहेस. मेकॅनिकलची तीन वर्षं वाया गेली असं तुझ्या पत्राच्या सुरातून वाटलं. या विषयापुरतं तरी ते खरं नाही.

हिशोबही करून बघ. दोन एमव्हीआय (३ई आणि ०६) प्रत्येकी ७ टी-स्टेट, एडीडी (८०) ४, एसटीए (३२) १३. थांबायच्या आधी एकूण ३१. घड्याळ ३ मेगाहर्ट्झचं असेल तर एक टी-स्टेट ०.३३ मायक्रोसेकंदाचा, म्हणजे सगळं काम साधारण १०.३ मायक्रोसेकंदांत आटपलं. एसटीएला १३ का लागले? सूचना आणायला ४, पत्त्याचे दोन बाइट आणायला ३ आणि ३, लिहायला ३. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो आणि मुलं तक्ता पाठ करून जातात. तुला तक्ता लागणार नाही, तू फेऱ्या मोजशील.

आता तुझा मोठा प्रश्न: हा विषय लागतो का.

रूमवरच्या मुलांचं एक म्हणणं बरोबर आहे. बऱ्याच सॉफ्टवेअर कंपन्यांच्या पहिल्या फेरीत यावर थेट प्रश्न येत नाहीत, आणि डीएसए तू करायलाच हवं. पण त्यावरून हा विषय सोडून द्यायचा हा निष्कर्ष मला मान्य नाही. २५ फेब्रुवारी १९९१ ला आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या धाहरान इथे एक स्कड क्षेपणास्त्र अमेरिकन सैनिकांच्या बराकीवर पडलं आणि २८ सैनिक मेले. तिथली पॅट्रियट यंत्रणा ते अडवू शकली नाही. ती यंत्रणा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजायची, आणि सेकंद काढायला त्या आकड्याला एक-दशांशाने गुणायची. एक-दशांश बायनरीत कधी संपत नाही, जसा एक-तृतीयांश आपल्या दशांश पद्धतीत संपत नाही. रजिस्टर २४ बिटांचं होतं, त्यामुळे पुढचे बिट कापले जायचे. प्रत्येक वेळची चूक नगण्य, पण यंत्रणा १०० तास सलग चालू होती आणि घड्याळ सुमारे ०.३४ सेकंदाने चुकलं होतं. तेवढ्यात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर कापतं. ‘नंबर रिप्रेझेंटेशन’ नावाच्या ज्या युनिटला मुलं कंटाळतात, त्या युनिटातली ही गोष्ट आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्याला रजिस्टरची रुंदी माहीत असावी लागते, ती कशी नडते हेही.

आणि सी जमायला लागलंय म्हणतोस, तर आज रात्री हे कर. सी मध्ये ४०९६ बाय ४०९६ चा इंट अ‍ॅरे घे. तो मेनच्या बाहेर जाहीर कर, कारण तो ६४ एमबीचा आहे, आत जाहीर केलास तर स्टॅक फुटेल. आधी त्यात काहीतरी भरून घे. मग सगळ्या घरांची बेरीज दोनदा कर आणि दोन्ही वेळा किती वेळ लागला ते मोज: एकदा ओळीमागून ओळ, एकदा लूपची अदलाबदल करून स्तंभामागून स्तंभ. ऑप्टिमायझेशन लावू नकोस, बेरीज छापायला विसरू नकोस. डीएसएच्या हिशोबाने दोन्ही सारखेच आहेत, तेवढीच घरं, तेवढ्याच बेरजा. तरी दुसऱ्याला कित्येक पटींनी जास्त वेळ लागलेला दिसेल. का? आपल्या लॅपटॉपांत कॅश, म्हणजे प्रोसेसरजवळची छोटी वेगवान मेमरी, मुख्य मेमरीतून एकेक इंट आणत नाही, सहसा ६४ बाइटांची आख्खी ओळ आणते, म्हणजे शेजारचे १६ इंट. ओळीने चाललास तर सोळाच्या सोळा कामी येतात. स्तंभाने चाललास तर प्रत्येक पावलाला १६,३८४ बाइटांची उडी पडते, एक इंट वापरून बाकीचे पंधरा तसेच टाकून पुढे जावं लागतं. किराणा दुकानात यादी घेऊन एका फेरीत सगळं आणणं आणि प्रत्येक जिन्नसासाठी घरापासून वेगळी चक्कर मारणं, हाच फरक. हा प्रयोग करून बघितलेला मुलगा मुलाखतीत कॅशबद्दल बोलतो तेव्हा समोरच्याला ते लगेच कळतं.

तुझ्यासाठी आणखी एक वेगळी वाट आहे, ती कुणी तुला सांगितलेली दिसत नाही. आजच्या गाडीत इंधन किती आणि केव्हा सोडायचं हे इंजिन कंट्रोल युनिट ठरवतं, आणि त्याच्या पोटात मायक्रोकंट्रोलर असतो. पुणे-चाकण पट्टा वाहनउद्योगाचा. इंजिन हाताने उघडलेला आणि प्रोसेसरही समजलेला मुलगा त्या कामाला जन्मतः लायक असतो. ही जोडी सगळ्यांकडे नसते. पुढे गेट द्यायचा विचार असेल तर कॉम्प्युटर सायन्सच्या पेपरात हा विषय आहेच.

अभ्यासाच्या बाकीच्या भागांपैकी गुणाकाराच्या बूथ अल्गोरिदमवर थोडं बोलते, कारण तिथेही सगळे तक्ता पाठ करतात. अँड्र्यू बूथ यांनी तो १९५० मध्ये लंडनच्या बर्कबेक कॉलेजात स्फटिकांच्या संशोधनाचं काम करताना काढला. त्यातली कल्पना तुझ्या आजीलाही माहीत असेल. ९९ रुपयांच्या सहा वस्तूंचे किती, असं विचारलं की आजी ९९ ला ६ ने गुणत बसत नाही. ६०० मधून ६ वजा करते. बूथ तेच करतो. ०१११ म्हणजे १०००-०००१, आठ वजा एक. एकापाठोपाठ आलेल्या एकांची रांग जिथे सुरू होते तिथे एकदा वजा, जिथे संपते तिथे एकदा अधिक, मधे नुसतं सरकवायचं. उजवीकडून वाचताना १० ही जोडी म्हणजे रांग सुरू, ०१ म्हणजे रांग संपली, ०० आणि ११ म्हणजे काही नाही. एवढं ध्यानात आलं की तक्ता तूच लिहिशील. ऋण संख्यांचं टूज कॉम्प्लिमेंटही असंच, जुन्या स्कूटरच्या किलोमीटर मीटरवरून समजून घे: ००००० वरून चाक एक किलोमीटर उलटं फिरलं तर ९९९९९ दिसेल, म्हणजे तिथे ९९९९९ हेच उणे एक. आठ बिटांत ते चाक ११११११११ वर येतं.

भाषेबद्दल तू विचारलं नाहीस, पण ‘इंग्रजीत, न अडखळता’ हे शब्द तू लिहिलेस, म्हणून सांगते. इंग्रजी पुस्तकांत बहुतेक वाक्यं कर्मणी असतात: अमुक तमुकमध्ये हलवलं जातं. हलवतं कोण, ते वाक्यात नसतं. ते वाक्य जसंच्या तसं पाठ केलंस की ‘कोण’ हा प्रश्न तुला कधी पडतच नाही. रात्री वहीत तेच मराठीत, कर्ता घालून लिही: कंट्रोल युनिट सिग्नल देतं, मेमरी बाइट बसवर ठेवते, इन्स्ट्रक्शन रजिस्टर तो उचलून घेतं. रजिस्टर, बस, कॅश, पाइपलाइन हे शब्द आहेत तसेच ठेव, त्यांची मराठी भाषांतरं शोधत बसू नकोस. कर्ता आणि क्रियापद तेवढं आपलं असू दे. जिथे कर्ता सुचत नाही, तिथे तुला समजलेलं नाही असं समज आणि दुसऱ्या दिवशी सरांना तेवढंच विचार. पेपर इंग्रजीत लिहिताना छोटी वाक्यं लिही, आणि जिथे जमेल तिथे आकृतीशेजारी एक उदाहरण चालवून दाखव. मी पेपर तपासते. आकड्यांसकट चालवलेलं उदाहरण दिसलं की तपासणाऱ्याचा हात गुण द्यायला आखडत नाही.

दीड महिन्याचं असं करशील. पहिले पंधरा दिवस फक्त हाताने चालवणं: रोज एक छोटा प्रोग्राम, आधी वहीत, मग किटवर. कॉलेजातल्या किटला वेळ मिळत नसेल तर जीएनयूसिम८०८५ हा सिम्युलेटर फुकट मिळतो, त्यात एकेक पाऊल चालवून रजिस्टर बघता येतात. पण आधी वहीत लिहायचं आणि मग ताडून बघायचं, उलटं करू नकोस. सिम्युलेटर आधी उघडलास तर डोळ्यांना सगळं सोपं वाटतं आणि हाताला काही येत नाही. त्यानंतर अंकगणित आणि मेमरी. कॅश मॅपिंगच्या गणितांना जास्त दिवस दे, ती सरावाने नक्की येतात. पाइपलाइन शेवटी, ती तुला अवघड जाणार नाही, असेंब्ली लाइन तू पाहिलेली आहेस. लोकल ऑथरचं पुस्तक फेकू नकोस, प्रश्न कसे विचारतात हे त्यातून कळतं. पण शिकायला विद्यापीठाने नेमलेलं संदर्भपुस्तक लायब्ररीतून काढ, आणि त्यातला सगळा मजकूर वाचण्यापेक्षा प्रत्येक धड्याखालची उदाहरणं सोडव.

केटीचं. ३० पैकी ७ गेले ते गेले. १०० पैकी ४० धरले तरी एंडसेमच्या ७० पैकी ३३ हवेत, आणि दीड महिना हातात आहे. ते अशक्य तर नाहीच, अवघडही म्हणवत नाही. पण निकालाची वाट बघत घरच्यांपासून लपवत राहू नकोस. या रविवारी फोन कर, इनसेमला सात आलेत हे सरळ सांग आणि आता काय करतोयस तेही सांग. ब्रँच बदलायचा निर्णय त्यांनीही तुझ्याबरोबर घेतलाय, तुझी काळजी त्यांना आहेच. आज सांगितलंस तर ते तुझ्या बाजूने उभे राहतील. निकालानंतर कळलं तर आधी धक्का बसेल आणि समजूत नंतर पटेल.

आणि शेवटी एक प्रयोग देते, पुढच्या प्रॅक्टिकलला सरांसमोर कर. वरचा प्रोग्राम किटमध्ये भर, पण २००० ऐवजी २००१ पासून चालव. तुला वाटेल यंत्र अडेल. ते अडणार नाही. २००१ वरचा ०५ हा तुझ्या लेखी आकडा आहे, पण पीसी तिथे हुकूम शोधायला आला की तोच ०५ ‘बी मधून एक वजा कर’ असा हुकूम होतो. मग ०६ ०३, मग ८०, सगळं नेहमीसारखं पुढे चालतं आणि २०५० मध्ये काहीतरी उत्तर येतं. यंत्र तक्रार करत नाही. हुकूम आणि आकडे एकाच मेमरीत ठेवायचे ही कल्पना जॉन फॉन नॉयमन यांच्या १९४५ च्या एडव्हॅक यंत्रावरच्या अहवालात लिहिलेली आहे, आणि आजही बाइट हुकूम आहे की आकडा हे ८०८५ मध्ये फक्त पीसी तिथे कसा पोचला यावर ठरतं. आधीच्या प्रोग्राममधला ३ई हा बाइट २००३ वर ठेवला असतास तर तो नुसता ६२ हा आकडा झाला असता.

२०५० मध्ये किती आले ते मला लिही. मी इथून सांगू शकत नाही, कारण चालवण्याआधी ए मध्ये काय होतं ते मला माहीत नाही. तेही आधी बघून ठेव, आणि पत्रात दोन्ही आकडे लिही.